आधी आज्ञा, मग विश्वास? शास्त्रात क्रम उलटा आहे

ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय. त्याचा आशय असा: भरवशाचं नंतर बघू, आधी मुकाट्यानं आज्ञा पाळा, अब्राहामानं मुलगा अर्पण केला म्हणून तो नीतिमान ठरला, नुसता विश्वास ठेवणारे आळशी होतात. यामागची कळकळ मला कळते. आपल्यात शिथिलपणा आलाय, हे खरंच आहे. पण पायाच चुकीचा घातलाय.

अब्राहामाचंच बघा. त्यानं परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व असा गणण्यात आला, हे बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात आहे. त्याचा मुलगा इसहाक याचं अर्पण २२व्यात. मधल्या काळात दासीपासून झालेला त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. म्हणजे तो नीतिमान गणला गेला तेव्हा इसहाक जन्मायला अजून १४ वर्षांहून जास्त अवकाश होता! आणि अर्पणाची जागा दुरून दिसल्यावर तो चाकरांना म्हणाला, मुलगा आणि मी जाऊन परत येऊ. मग लाकडं मुलाच्या अंगावर, विस्तव आणि सुरा बापाच्या हातात. धाकानं चाललेल्या माणसाच्या तोंडी ‘आम्ही परत येऊ’ हे शब्द येत नाहीत.

दहा आज्ञांतही तेच. ‘माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत’ याच्या आधी देव सांगतो की मिसरातल्या (इजिप्तमधल्या) दास्यातून तुला बाहेर आणणारा तो मीच. पाठ म्हणताना हे वाक्य आपण गाळतो, आणि मग आज्ञा नुसता हुकूम वाटायला लागते. इस्राएल लोकांनी तांबडा समुद्र ओलांडून सुटका आधी अनुभवली, आज्ञा मिळाल्या तो सीनाय पर्वत नंतर.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा आधार घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, की क्रियांवाचून विश्वास निर्जीव म्हणणारा याकोब त्याच अध्यायात अब्राहामाच्या विश्वासाबद्दलचं उत्पत्तीतलं तेच वचन देतो. झाड जिवंत आहे हे फळावरून कळतं, पण फळ बांधून कुणी झाड जगवत नाही.

राहिला आळसाचा मुद्दा. मी स्वतः कित्येक वर्षं दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) देताना मनात हिशेब करत होतो, की दिलं नाही तर काय ओढवेल. आज्ञा पाळली जात होती. देवावर मात्र माझा काडीचा भरवसा नव्हता. म्हणून रानात इस्राएल लोकांना देवानं रोज दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, मला फार जवळचा वाटतो. माणशी एक ओमर (एक माप), उद्यासाठी ठेवायचा नाही, अशी आज्ञा होती. काहींनी ठेवला. सकाळी त्यात किडे पडले, दुर्गंधी सुटली. ते आळशी नव्हते. उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. सातवा दिवस विसाव्याचा, म्हणून सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करून ठेवायचा होता; तरी सातव्या दिवशीही काही जण शोधायला गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. जे तंबूत थांबले, त्यांच्याजवळ आदल्या दिवशीचा मान्ना होता, आणि तो नासला नव्हता.