पावणेतेरा आणे पोट

काल नाशकात गंगापूर रोडच्या पुढे, मिसळीच्या एका ठिकाणी, एका परक्या माणसाने माझ्या वतीने "पुरे" म्हटलं. रविवारची गर्दी, अर्धं टेबल माझं, अर्धं त्यांचं, एवढीच आमची ओळख. पोरगा रश्शाची बादली घेऊन माझ्याकडे वळला आणि समोरच्या काकांनी माझ्या ताटलीवर आडवा हात धरला. "ह्यांना नको रे. बास झालं."

मी चार घास खाल्ले होते. चारच.

मिसळीत दुसरा रस्सा म्हणजे हावरटपणा नव्हे. पहिली वाटी मटकीवर पडते ती फरसाण पिऊन टाकतं. तुम्ही कांदा पसरून लिंबू पिळेपर्यंत ताटलीत नुसता लगदा उरतो. पाव बुडवायचा तर दुसरी वाटी लागतेच. नाहीतर पाव कोरडा गिळावा लागतो, ठसका लागतो आणि शेवटासाठी राखलेलं दही मध्येच संपतं. हे काकांना कोण सांगणार? पोरगा तर पुढच्या टेबलावर पोचलासुद्धा.

"हारा हाची बु," काका म्हणाले. मला वाटलं, कुणाला तरी हाक मारताहेत. "जपानी आहे. दहातले आठ भागच पोट भरायचं. परवाच आलो ना तिकडून."

"ओकिनावाला गेला होतात?" ही म्हण तिकडची, म्हणून विचारलं.

"छे! टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका." ओकिनावा टोकियोपासून दीड हजार किलोमीटरवर आहे, पण काकांना इथे बसल्या बसल्या पोचता आलं होतं.

"जेवणाचं कसं काय?"

"एक नंबर! टूरवाल्यांनी महाराजच सोबत नेला होता. फुजीच्या पायथ्याशी गरम पोहे, वर शेव. रात्री बटाट्याची भाजी, पोळी, वरणभात. काही म्हणजे काही त्रास नाही."

"मग चॉपस्टिक?"

"धरल्या की. हा बघा फोटो." भाताच्या वाडग्यात दोन्ही काड्या उभ्या खोचलेल्या आणि शेजारी काका, अंगठा वर. जपानात काड्या अशा उभ्या खोचतात त्या मृतासमोर ठेवलेल्या भातात. रामकुंडावर पिंडाशेजारी बसून कुणी दात काढत फोटो काढावा, तसं झालं हे. मी बोललो नाही. फोटो एव्हाना साऱ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला होता.

"आणि नूडल्स खाताना आवाज केलेला चालतो बरं का तिकडे. अस्सा!" म्हणून काकांनी चमचाभर रस्सा सुर्रकन ओढला. आता, नूडल्स ओढताना सोबत हवा जाते, त्या जरा निवतात, म्हणून ते जमतं. नाशिकच्या तर्रीचं तसं नाही. ती हवेबरोबर थेट नाकात चढते. पुढची तीन मिनिटं काका लाल होत गेले आणि माझा पाण्याचा ग्लास रिकामा.

खरं तर "पुरे" म्हणण्याची जगभर केवढी सुंदर भाषा आहे! तुर्कस्तानात चहाच्या रिकाम्या ग्लासवर चमचा आडवा ठेवला की यजमान समजतो. अरबांकडे डाव्या हातात दल्ला म्हणजे कॉफीची सुरई आणि उजव्या हातात कप धरून वाढतात, तेही तळाशी थोडीशीच. नको असेल तर कप परत देताना हलकेच हलवायचा, नाहीतर पुन्हा ओतली जाते. इटलीत पोट भरलं तरी वेटर आपणहून बिल आणत नाही, कारण जेवणाऱ्याला उठवणं असभ्य. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत ताटावर हात आडवा धरतात आणि वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो, ते वेगळं. पण यातली प्रत्येक खूण खाणाऱ्याने करायची असते. शेजाऱ्याने नव्हे!

चिडचिड होते ती वेगळ्याच गोष्टीची. दोन-अडीच लाख मोजून, तिथल्या एकाही माणसाच्या हातचं न खाता, एकाही टेबलावर नीट न बसता यायचं. आणि मग नाशकात येऊन भरल्या ताटलीसमोर बसलेल्याला सजग भोजन शिकवायचं. चित्राहुती घालून जेवणाऱ्या आजोबांना आपण हसलो, तेच आता परदेशी शिक्का मारून आलं की फॉरवर्ड करतो.

उठताना मी बडीशेपेच्या ताटलीत दहाची नोट ठेवली. काकांनी ती उचलून माझ्या खिशात घातली. "जपानमध्ये टिप देत नाहीत. अपमान मानतात."

देत नाहीत, खरंय. पण निघताना "गोचिसोसामा" म्हणतात, आणि त्यातल्या "चिसो"चा मूळ अर्थ धावपळ. पाहुण्याला खाऊ घालायला कुणीतरी धावलं, त्याची ही जाण. बादली घेऊन दहा टेबलांमध्ये धावणारा पोरगा समोरच उभा होता, नोट खिशात जाताना बघत. काकांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मूठभर बडीशेप तोंडात टाकली, वर आणखी मूठ रुमालात बांधली आणि गाडीच्या चाव्या शोधू लागले.

दहाची नोट अजून माझ्याच खिशात आहे.