धुळ्याचा निकाल आणि मालेगावची मते

2024 मध्ये धुळे लोकसभा मतदारसंघाचा निकाल एकट्या मालेगावने फिरवला, हे या निकालावरील एका लेखातील विधान आकड्यांच्या दृष्टीने चुकीचे नसले तरी अपुरे आहे. भाजपचे डॉ. सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत आघाडीवर होते, आणि मालेगाव शहरातील मालेगाव मध्य या सहाव्या क्षेत्राने काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी दिल्याने त्या 3,831 मतांनी निवडून आल्या, हे खरेच. परंतु 2019 मध्ये भामरे सव्वादोन लाखांहून अधिक मताधिक्याने जिंकले होते. त्या तुलनेत उरलेल्या पाच क्षेत्रांत त्यांची आघाडी किती घटली, आणि त्यात कांद्याच्या निर्यातबंदीवरील शेतकऱ्यांच्या रोषाचा वाटा किती, याचा विचार लेखात व्हायला हवा होता.

शिवाय मालेगाव मध्यचे मतदार नेहमी एकगठ्ठा मतदान करतात, हा समज 2024 च्याच नोव्हेंबरमध्ये खोटा ठरला. विधानसभेला तेथील मते एमआयएमचे मुफ्ती इस्माईल आणि त्यांचे प्रतिस्पर्धी आसिफ शेख यांच्यात जवळपास निम्मी-निम्मी विभागली जाऊन मुफ्ती अवघ्या 162 मतांनी निवडून आले, तर काँग्रेसचा उमेदवार बराच मागे पडला.