‘इन्कॉग्निटो’ विंडोबाबत फिरणाऱ्या संदेशाचा खुलासा
सांगली-मिरजेतील काही व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा संदेश फिरतो आहे, की नेट कॅफेत क्रोम ब्राउझरची ‘इन्कॉग्निटो’ (खासगी) विंडो उघडून अर्ज भरला, तर आपली माहिती कुठेही शिल्लक राहत नाही. प्रवेशाच्या दिवसांत यावर विसंबणे घातक आहे, म्हणून हा खुलासा.

ही विंडो बंद केल्यावर पाहिलेल्या पानांची यादी, कुकीज (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि फॉर्ममधील मजकूर ब्राउझर जपून ठेवत नाही, एवढेच खरे. मात्र उतरवून घेतलेली पीडीएफ ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये तशीच राहते. अर्जाची प्रिंट काढण्यासाठी ती बहुतेक वेळा उतरवावीच लागते, आणि तिच्यावर नाव, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक असे सगळे असते. पेनड्राइव्हवरून डेस्कटॉपवर ठेवलेल्या आधारच्या फाइलचेही तेच. कळफलकावर दाबलेले प्रत्येक अक्षर टिपणारे छुपे सॉफ्टवेअर त्या संगणकात असेल, तर पासवर्डही परक्या हाती जातो. शिवाय आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसू शकते. याच विंडोतील माहिती गोळा केल्याबद्दल अमेरिकेत २०२० साली गुगलवर दावा झाला आणि २०२४ मध्ये कंपनीने तशा नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

काम झाल्यावर लॉग आउट करावे आणि फाइल पुसून ‘रिसायकल बिन’ही रिकामी करावी. पूर्ण क्रमांक सक्तीचा नसेल तिथे शेवटचे ४ अंकच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. बँकेचे व्यवहार मात्र अशा संगणकावर करूच नयेत.