साहेब म्हणतात, कॅरी ऑन

आमच्या साहेबांचा एकूण इंग्रजी शब्दसंग्रह मोठा आहे, पण त्यांचा जीव दोनच शब्दांवर: कॅरी ऑन. फोर्टातल्या आमच्या ऑफिसात ट्रायल बॅलन्स जुळत नसू दे, प्रिंटर कागद गिळून बसलेला असू दे, नाहीतर एसीचं पाणी नेमकं व्हाउचरच्या गठ्ठ्यावर ठिबकत असू दे, काहीही सांगायला केबिनमध्ये जा, साहेब मान वर न करता म्हणणार, "येस येस, कॅरी ऑन."

आता यात कॅरी कोणी काय करायचं? पाण्याने ठिबकत राहायचं की मी बादली आणायची? परवानगी मिळाली, शाबासकी मिळाली की नुसतंच हाकललं, काही पत्ता लागत नाही. मी आपली बादली आणते.

माझी लेक इंग्रजी घेऊन बी.ए. करते आहे. तिच्यापुढे एकदा हे गाऱ्हाणं मांडलं, तर तिने माझी शिकवणीच घेतली. "आई, गो ऑन, कीप ऑन, कॅरी ऑन, कंटिन्यू, प्रोसीड, सगळी एकाच माळेतली, पण कुठलाही मणी कुठेही ओवून चालत नाही." म्हणजे 'ही वेंट ऑन सिंगिंग' म्हटलं तर तो गातच सुटला, थांबेना. 'ही वेंट ऑन टू सिंग' म्हटलं की आधी दुसरं काहीतरी उरकून मग गायला लागला. आमच्या सोसायटीच्या गणपतीत पहिल्या प्रकारचे पुष्कळ असतात. नुसतं 'गो ऑन!' जरा हेल काढून म्हटलं, तर त्याचा अर्थ 'चल, काहीतरीच सांगतेस!' इथवर ठीक होतं. मग ती म्हणाली, कॅरी ऑन म्हणजे उगाच कांगावा करणं, कटकट करणं असंही होतं. आणि जुन्या वळणाच्या इंग्रजीत 'अमुक माणसाबरोबर कॅरी ऑन' म्हणजे त्याच्याशी भानगड!

आदल्याच दिवशी साहेब भर हॉलमध्ये मला म्हणाले होते, "प्लीज कॅरी ऑन विथ द ऑडिटर." ऑडिटर सत्तरीला टेकलेले, बोलताना कवळी सावरणारे. मी त्यांना दोनदा चहा विचारला होता, तेवढीच आमची भानगड.

नवरा पेपरामागून म्हणाला, "चालू द्या तुमचं." हा मात्र कॅरी ऑनचा अस्सल मराठी प्रतिशब्द. म्हणणाऱ्याला त्यात काडीचाही रस नसतो आणि तो मदतीलाही येणार नसतो. हे गृहस्थ मूळचे चिपळूणचे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची 'काम चालू आहे' ही पाटी २०११ पासून दर गणपतीला बघतात. चालू या शब्दावर त्यांचा हात कोण धरणार?

लेकीच्या टेबलावर एक मग आहे. लाल रंगाचा, वर राजमुकुट, खाली 'कीप काम अँड कॅरी ऑन'. मी ते बरेच दिवस 'काम ठेवा बाजूला आणि चालू द्या' असं वाचत होते आणि आमच्या ऑफिसची पाटी लंडनला कशी पोचली, याचं नवल करत होते. लेकीने सांगितलं, हे 'काम' म्हणजे calm, शांत: शांत राहा आणि चालू ठेवा. खरी गोष्ट अशी, की १९३९ साली युद्ध तोंडावर आलं तेव्हा ब्रिटिश सरकारने जनतेला धीर द्यायला या पोस्टरच्या २४ लाखांवर प्रती छापल्या. वेळ येईल तेव्हा लावू म्हणून ठेवून दिल्या आणि बहुतेक सगळ्या भिंतीचं तोंड न बघताच लगद्यात गेल्या. २००० साली इंग्लंडात ॲनिक गावी, जुन्या रेल्वे स्टेशनात थाटलेल्या पुस्तकांच्या दुकानात, एका खोक्याच्या तळाशी एक प्रत निघाली आणि तिथून मगावर आली. बॉम्ब पडत असताना ज्या इंग्रजांसाठी हे छापलं, त्यातल्या बहुतेकांनी ते पाहिलंच नाही. तरी त्यांनी निभावलं. वरच्यांनी नुसतं सांगून काही होत नाही, न सांगितल्याने अडत नाही, याला आणखी काय पुरावा हवा?

मुंबई विद्यापीठाने मात्र या प्रकरणात कमाल केली आहे. एटीकेटी म्हणजे अलाऊड टू कीप टर्म्स. विषयात गचकलात, तरी पुढच्या वर्गात बसा. नापास हा एवढा खणखणीत शब्द असताना त्याला असा मखमली अभ्रा घालायचा, हे इंग्रजीलाच जमावं. "पोराला एटीकेटी लागली" हे शेजारीण अशा थाटात सांगते, की पेढे कधी देताय असं विचारावंसं वाटतं. राज्यात इतरत्र तर मुलांनी 'कॅरी ऑन द्या', म्हणजे विषय राहिले तरी पुढच्या वर्षाला बसू द्या, म्हणून आंदोलनं केली आहेत. वेडी पोरं! आमच्या साहेबांकडे पाठवा, दिवसाला पन्नास फुकट मिळतील.

त्यापेक्षा बेस्टचा कंडक्टर परवडला. "पुढे चला, पुढे चला, मागे माणसं लोंबकळतायत!" म्हणतो, स्वतः गर्दीत घुसून वाट काढतो, दोन घंट्या मारतो आणि गाडी सुटते. तोही चालू ठेवायलाच सांगतो, पण पुढे जागा आहे हे त्याने आधी बघितलेलं असतं.

परवा आमचे कॅशियरकाका रिटायर झाले. हॉलमध्ये सामोसे, वेफर्स, शाल-श्रीफळ. साहेबांनी पुष्पगुच्छ दिला आणि आपल्या हाताने लिहिलेलं कार्ड. काकांनी चष्मा कपाळावर चढवून कार्ड डोळ्यांजवळ धरलं. आत शाईच्या पेनाने, तिरक्या अक्षरात: 'वेल डन. कीप इट अप.'

काकांनी ते दोनदा वाचलं, शालीच्या घडीत नीट सरकवलं आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "काय गं, हे मस्टरला जोडलं तर माझा पगार चालू राहील का?"