अर्धा कप तरी घ्या, पाळकसाहेब

चर्चच्या पाळकाला आठवड्यातून एकच दिवस काम असते, असा समज मंडळीबाहेर सर्वत्र आणि मंडळीतही बऱ्यापैकी पसरलेला आहे. रविवारी सकाळी उपासना चालवायची, अर्धा-पाऊण तास संदेश द्यायचा, दाराशी उभे राहून सर्वांशी हस्तांदोलन करायचे आणि मग पुढच्या रविवारपर्यंत आराम करायचा, असे आमच्या जीवनाचे चित्र लोकांच्या मनात असते. वास्तविक, रविवार हाच माझा त्यातल्या त्यात विश्रांतीचा दिवस. कारण त्या दिवशी मंडळी माझ्याकडे येते आणि व्यासपीठावर कोणी मला चहा देत नाही. सोमवार उजाडला की मला मंडळीकडे जावे लागते. या कामाला आमच्याकडे गृहभेट म्हणतात, आणि मिरजेच्या जुन्या मिशन आवारापासून सांगलीच्या गावभागापर्यंत, विश्रामबागेतल्या फ्लॅटपासून माधवनगर रस्त्यावरच्या चाळीपर्यंत, गृहभेट म्हणजे चहा.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शिष्यांना सेवेसाठी पाठवताना प्रभू येशूने त्यांना दोन सूचना दिल्या आहेत: आपल्यापुढे जे वाढतील ते खावे, आणि घरोघर फिरू नये. पहिली सूचना मंडळीतल्या प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ आहे. दुसरीचा उल्लेख मी एकदा कमिटीच्या सभेत अत्यंत नम्रपणे करून पाहिला, तेव्हा सर्वांनी विषयपत्रिकेतला पुढचा विषय घेतला.

माझ्या डॉक्टरांनी रक्त तपासून ‘साखर अगदी काठावर आहे’ असे सांगितले, तेव्हापासून ही सेवा अधिक कठीण झाली आहे. आमचा जिल्हा उसाचा. मंडळीतली निम्मी घरे कुठल्या ना कुठल्या साखर कारखान्याची सभासद आहेत, आणि सभासदाला सवलतीच्या दरात मिळालेली साखर डब्यात असताना पाळकाच्या कपात ती हात आखडून घालणे म्हणजे घराण्याची अब्रू घालवणे होय. ‘साखर नको’ असे म्हणण्याचे परिणाम काय होतात, हे ज्यांनी तो प्रयोग केलेला नाही त्यांना कळणार नाही. प्रथम स्वयंपाकघरात शांतता पसरते. मग उकळत्या चहात साखर आधीच पडलेली असल्यामुळे दुसरे पातेले निघते, दुधासाठी शेजारी मुलगा धावतो, आणि ‘अर्धा कप’ या नावाखाली सुरू झालेला प्रकार पाऊण तास चालतो. कोणी म्हणते, ‘मग गुळाचा करते की, गुळानं काय हुतंय?’ गूळ हा उसापासूनच होतो, ही गोष्ट या भागातल्या माणसाला समजावून सांगण्याचे धाडस मी अजून केलेले नाही.

गृहभेटीला माझ्याबरोबर आमच्या कमिटीचे सर्वांत ज्येष्ठ सभासद अण्णा असतात. ते मोटारसायकलवर मागे बसतात, पत्ते सांगतात आणि कोणत्याही घरी काहीही नाकारत नाहीत. माझ्या प्रकृतीची काळजी वाटून त्यांनी एकदा दारातूनच ‘साहेबांना साखर कमी बरं का!’ अशी घोषणा करण्यास सुरुवात केली. त्या आठवड्यात मंडळीत बातमी फिरली की पाळकसाहेबांना मोठा मधुमेह झाला आहे. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत माझ्यासाठी विशेष विनंती झाली, आणि शनिवारी आमच्या दारात कारल्याच्या रसाची बाटली, मेथीदाण्याची पुडी आणि जांभळाच्या बियांचे चूर्ण येऊन पडले. त्याहून वाईट म्हणजे एका घरी मी बिनसाखरेचा घेतला आणि पुढच्या घरी, तिथल्या बाईंचा चेहरा पाहून, साखरेचा घेतला. ‘आमच्याकडचा गोड लागला नाही व्हय?’ हा प्रश्न मला महिला मंडळाच्या वार्षिक सभेत, सर्वांसमक्ष, विचारण्यात आला. पौलाने करिंथच्या मंडळीतल्या फुटीबद्दल पत्र लिहिले, त्या फुटीला आरंभ कुठे झाला असेल, याविषयी माझे स्वतःचे एक मत आहे.

प्रार्थना चहाच्या आधी करावी की नंतर, हाही एक धर्मशास्त्रीय प्रश्न आहे. आधी केली तर चहावर साय धरते. नंतर करतो म्हटले तर चहा घेणार, असा अर्थ होतो. एका घरी मी मधला मार्ग काढला आणि चहा गॅसवर असतानाच ‘आपण प्रार्थना करू या’ असे म्हटले. त्यांच्या मुलाला कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी लागावी, ही मुख्य विनंती होती. मी डोळे मिटले, सुरुवात केली, आणि दोन वाक्यांनंतर आतून ‘सूंऽऽ’ असा आवाज आला. पाठोपाठ दुधाचा वास आला. घरच्या बाई महिला मंडळाच्या अध्यक्षा. पाळक प्रार्थना करीत असताना उठणे त्यांना शक्य नव्हते, आणि दूध ऊतू जात असताना बसून राहणे कोणत्याही बाईला शक्य नसते. त्यांच्या बांगड्या एकदा वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या. त्यांच्या यजमानांनी घसा खाकरला. अण्णांनी, डोळे मिटलेलेच ठेवून, ‘होय प्रभू’ असे नेहमीपेक्षा बरेच मोठ्याने म्हटले, ती मला सूचना होती. मला पुढे आजाऱ्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी आणि राष्ट्राच्या नेत्यांसाठी प्रार्थना करायची होती. आजाऱ्यांना मी एका वाक्यात घेतले, शेतकऱ्यांना पाऊस मागितला. राष्ट्राचे नेते त्या दिवशी सुटले. माझा ‘आमेन’ पुरा होण्याआधी बाई ओट्यापाशी पोचल्या होत्या. मग उरलेल्या, खाली लागलेल्या दुधाचा चहा झाला, आणि करपट वास जाणवू नये म्हणून त्यात नेहमीपेक्षा जास्त साखर घालण्यात आली. मुलाला नोकरी मात्र लागली. बाईंनी ते श्रेय माझ्या प्रार्थनेला दिले. मी त्यात दुधाचाही वाटा धरतो.

चहा नाकारता येत नाही याचे खरे कारण मात्र सौजन्य नव्हे. या भागात मनातली गोष्ट कोणी कोचावर बसून बोलत नाही. कोचावर पाऊसपाणी होते, उसाचे बिल होते, कोणाला मिरजेला नेले आहे याची चौकशी होते. (१८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून आजूबाजूच्या गावांत ‘मिरजेला नेलंय’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. आणि तिथेही रुग्णाच्या उशाशी थर्मास असतोच.) एक निवृत्त रेल्वे कर्मचारी मला पूर्ण कपभर मिरज जंक्शनचा इतिहास सांगतात: ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मार्ग एका स्थानकात कसे येत, माल एका डब्यातून दुसऱ्यात कसा चढवावा लागे, रात्रपाळीला कोण कोण असे. मी कप ठेवतो, उठतो, उंबरठ्याजवळ चप्पल शोधू लागतो, आणि तेव्हा ते दाराच्या चौकटीला हात टेकून, माझ्याकडे न पाहता म्हणतात, ‘साहेब, पोराचा फोन न्हाई ओ पावसाळ्यापास्नं.’ मग मी चप्पल काढून परत बसतो आणि दुसरा कप येतो. वेठीस धरून कोणी एक कोस नेले तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, असे डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. ते कोस मी असे कपांत मोजतो. चहा न घेता उठलेल्या पाळकाला उंबरठ्यावर कोणी थांबवत नाही, हे मला अनेक वर्षांच्या सेवेत कळले आहे आणि ते धर्मशिक्षणाच्या कोणत्याही तासाला कोणी सांगितले नव्हते.

तासगावकडच्या एका खेड्यात मंडळीतल्या एक आजी राहतात. त्यांच्याकडे निळ्या काठाचा एक कप केवळ पाळकासाठी राखलेला आहे, आणि त्यात त्या चमचा न वापरता, डबाच कलता करून साखर घालतात. पहिल्या भेटीत मी ‘आजी, मला चहा नको’ असे म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी सासऱ्यांची आठवण काढली. गावातल्या हॉटेलात सासऱ्यांना बाहेर बसून चहा घ्यावा लागे. त्यांच्या लोकांचा कप वेगळा, कानतुटका, प्यायल्यावर आपला आपण विसळून कोनाड्यात पालथा ठेवायचा. ‘आमच्या घरातला कप भाईरच्या मानसानं पयल्यांदा तोंडाला लावला, त्यो पाळकानं,’ असे सांगून त्यांनी माझ्यापुढे बशी सरकवली. तिथे डॉक्टरांचा सल्ला उच्चारण्याची प्राज्ञा कोणाची? मी तळाशी साचलेल्या साखरेसकट तो कप रिकामा केला, आणि ‘अजून घालू?’ या प्रश्नाला अण्णांनी माझ्या वतीने होकार दिला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मात्र ही व्यवस्था उलटी झाली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि निम्मे शहर पाण्यात उभे राहिले. मंडळीच्या सभागृहात नदीकाठची कुटुंबे येऊन राहिली. त्यांत आमच्या मंडळीचे फार थोडे होते. तरुण संघाने मोठ्या पातेल्यात चहा ठेवला आणि वाटण्याचे काम माझ्याकडे आले. घरोघर चहा घेणाऱ्या माणसाला चहा देण्याची ही संधी मिळाल्याने मी जरा उत्साहातच फिरत होतो. चिखलाने पदर माखलेल्या एका वृद्ध बाईंनी घोट घेतला, माझ्या पांढऱ्या कॉलरकडे पाहिले आणि विचारले, ‘फादर, साखर मोजून घातलीसा व्हय?’ त्यांचे सामान, कोंबड्या आणि घराची एक भिंत नदीत गेली होती. पण पांचट चहा त्या घेणार नव्हत्या. अण्णा गुडघाभर पाण्यातून साखर आणायला गेले आणि पुरेशी आणल्यानंतरच त्यांनी स्वतः घेतला.

गेल्या तपासणीत डॉक्टरांचा सूर बदलला, तेव्हा अण्णांनी हा विषय अधिकृतपणे कमिटीसमोर मांडला. ‘पाळकसाहेबांच्या प्रकृतीचा विचार करता गृहभेटीच्या वेळी कोणीही त्यांना चहा देऊ नये’ असा ठराव त्यांनी सुचवला, तो एकमताने संमत झाला आणि रविवारी उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये मोठ्याने वाचण्यात आला. मंडळीने तो काटेकोरपणे पाळला, हे मला कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. सोमवारच्या पहिल्याच घरी बाईंनी ‘चहा न्हाई बरं का साहेब, कमिटीनं सांगितलंय,’ असे म्हणून पितळी पेल्यात मसाला दूध आणून ठेवले: आटवलेले, वर तासगावचे बेदाणे तरंगणारे, आणि सांगलीची हळद घातली असल्याने औषधी. मी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी आपला पेला निम्मा संपवला होता.

‘ठरावात दुधाचं काय न्हवतं, साहेब,’ ते म्हणाले.