‘मुंबईत सोलर म्हणजे पैसे पाण्यात’ : आमच्या गच्चीचं बिल वेगळं सांगतं

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, माहेरच्या, शाळेच्या मैत्रिणींच्या आणि भिशीच्याही. मथळा असा : ‘मुंबईकरांनो, सोलरच्या नादी लागू नका, पैसे पाण्यात जातील.’ खाली कारणं दिली होती. चार महिने पाऊस, त्यात वीज तयारच होत नाही. अडीच लाख खर्च आणि महिन्याला हजार रुपये बचत, म्हणजे वसुलीला वीस वर्षं, त्यापेक्षा एफडी बरी. सबसिडी कागदावरच राहते. समुद्राच्या खाऱ्या हवेत पॅनल दहा वर्षांत सडतात. लाईट गेली की सोलरही बंद पडतं. गच्ची गळते. आणि पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी तो आयुष्यात परत देत नाही.

मी बोरिवली पूर्वेला सात मजली, ५६ घरांच्या सोसायटीची खजिनदार आहे. आमच्या गच्चीवर ऑक्टोबर २०२४ पासून २० किलोवॅटचं सोलर चालू आहे. ते लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरला जोडलंय. हा मेसेज वाचून शेजारच्या दोन सोसायट्यांनी सर्वसाधारण सभेतला ठराव मागे ठेवला, म्हणून हे लिहायला बसले.

आधी पाऊस. पावसाळ्यात वीज कमी होते हे खरं, बंद होते हे खोटं. ढगांमधून जो उजेड येतो त्यावरही पॅनल चालतं. लिफ्टच्या खोलीत आमच्या इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचा, छोटा स्क्रीन आहे, सुरुवातीचे महिने मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन वहीत आकडा लिहायचे. मार्चमधल्या स्वच्छ दिवशी ९५ युनिट. जुलैत दिवसभर झोडपणाऱ्या पावसात १८. रिमझिम आणि मधेच उघडीप अशा दिवशी पन्नासच्या आसपास. वर्षाची बेरीज झाली २६,३०० युनिट, म्हणजे एका किलोवॅटमागे दिवसाला साडेतीन युनिटांच्या वर. मुंबईत साधारण साडेतीन ते चार युनिट मिळतात, तेव्हा आमचं काही जगावेगळं नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने नेट मीटरिंगचा विचारच केलेला नाही. दुपारी जी वीज आपण वापरत नाही ती ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांमध्ये, जाते आणि तेवढी युनिटं आपल्या नावावर जमा होतात. ही जमा एप्रिल ते मार्च अशा वर्षभर पुढे सरकते. म्हणजे वर्षाची सुरुवातच कडक उन्हाच्या दोन महिन्यांनी होते. एप्रिल-मे मध्ये साठलेली युनिटं जून-जुलैच्या बिलात वळती होतात. शिवाय पाऊस पॅनल धुऊन काढतो, तेवढे महिने सफाईचा माणूसही लागत नाही. आणि पावसाचं व विजेचं वैर असतं तर १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईला मिळालीच नसती.

आता पैसा. यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल इथेच आहे.

‘अडीच लाख खर्च, हजार रुपये बचत’ हे गणित ३ किलोवॅटच्या संचाचं दिसतं. मुंबईत ३ किलोवॅट महिन्याला सव्वातीनशे ते साडेतीनशे युनिटं देतं. ज्याच्या घरी जेमतेम दीडशे युनिटं लागतात त्याच्या डोक्यावर एवढा संच ठेवला तर बचत हजारच दिसणार. वर उरलेल्या युनिटांना ३१ मार्चला जो दर मिळतो तो अगदीच किरकोळ असतो. चूक सोलरची नाही, मापाची आहे. मोठा अंगरखा शिवायचा आणि कापड वाया गेलं म्हणायचं, असा हा प्रकार. शिवाय अडीच लाखांतून सबसिडी वजाच केलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० रुपये घरमालकाला मिळतात. ही कमाल मर्यादा आहे.

पण मुंबईत स्वतःचं छप्पर असलेली माणसं किती? कोळीवाडे, गावठाणं, काही जुने बंगले. बाकी आपण सगळे फ्लॅटवाले, आणि गच्ची सोसायटीची. म्हणून मुंबईत हा प्रश्न एकेका घराचा नसून कॉमन मीटरचा आहे. याच योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. आमचा खर्च उंच स्ट्रक्चरसकट साडेअकरा लाख झाला. सबसिडी ३ लाख ६० हजार. हातातून गेले ७ लाख ९० हजार, म्हणजे घरटी १४,१०० रुपये.

बचत अशी. सोसायटीचा मीटर एकच असल्यामुळे महिन्याची अडीच हजार युनिटं बहुतेक सगळी वरच्या टप्प्याच्या दराने लागत होती. आमच्या जुन्या बिलात ते युनिट सगळे आकार धरून दहा रुपयांच्या पुढे पडायचं. मी हात राखून नऊच धरते. २६,३०० युनिट गुणिले नऊ, २ लाख ३६ हजार. त्यातून सफाई आणि किरकोळ दुरुस्तीचे २०,००० गेले. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, त्यासाठी वर्षाला १५,००० वेगळे ठेवतो. तरी दोन लाख उरतात. मुद्दल चार वर्षांच्या आत सुटतं. तेच ७ लाख ९० हजार सात टक्क्यांच्या एफडीत वर्षाला ५५,३०० देतात. एफडीत मुद्दल शाबूत राहतं आणि पॅनलमध्ये ते संपतं, हे मला कबूल आहे. पण चार वर्षांत मुद्दल परत आल्यावर पुढची पंधरा-वीस वर्षं वर्षाला दोन लाखांच्या आसपास वाचत राहतात, हे मेसेजवाल्यानेही कबूल करावं.

एक गोष्ट मात्र विक्रेत्यांनाही सुनवायला हवी. ‘शून्य बिल’ असं काही नसतं. स्थिर आकार येतोच. आणि ज्यांच्या घरचा वापर शंभर युनिटांच्या आत आहे त्यांना वीज मुळात स्वस्त पडते, त्यांच्या संचाची वसुली सात-आठ वर्षांवर जाते. अशा घराने घाई करू नये, हे मी स्वतः माझ्या आत्येला सांगितलं.

सबसिडी कागदावरच राहते? आमची खात्यात आली. पण ती संच बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर येते. तोवर पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते, आणि सोसायट्या नेमक्या इथेच अडकतात. पॅनलमधले सेल भारतीय बनावटीचे आणि विक्रेता योजनेत नोंदलेला असावा लागतो. कोणी ‘तेच पॅनल, जरा स्वस्तात’ म्हणालं तर सबसिडी गेलीच समजा.

खाऱ्या हवेची भीती अर्धी खरी आहे. सडतं ते पॅनल नव्हे, त्याखालचं लोखंड. पॅनलला वर काच, कडेने अ‍ॅल्युमिनियम, आणि वर्षाला साधारण अर्धा ते पाऊण टक्का एवढीच झीज. म्हणून तर २५ वर्षांनी ऐंशी टक्क्यांच्या वर क्षमतेची हमी कंपन्या देतात. साध्या रंगवलेल्या अँगलवर काम उरकलं तर मात्र चौथ्या पावसाळ्यात गंज बाहेर पडतो. गरम जस्तात बुडवून काढलेलं लोखंड आणि स्टेनलेसचे नटबोल्ट, हे दोन शब्द कोटेशनमध्ये लिहून घ्या. पॅनलसाठी मीठ-चाचणीचं प्रमाणपत्र मागा. आणि खाऱ्या हवेपेक्षा आम्हाला त्रास दिला कबुतरांनी. विष्ठा वाळून बसली की त्याखालचा भाग तापतो आणि पॅनलच्या त्या पट्टीची वीज घटते. दर पंधरा दिवसांनी सकाळी सातच्या आत, पॅनल थंड असताना, धुवून घेतो. बोअरचं पाणी वापरलं तेव्हा काचेवर पांढरे डाग पडले, आता पालिकेच्याच पाण्याची बादली वर जाते.

‘लाईट गेली की सोलर बंद’, हे अगदी बरोबर. तसंच व्हायला हवं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपणहून थांबतो. बॅटरी घेतली तर चालू राहील, पण खर्च बराच वाढेल. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० ला वीज जाऊन लोकल थांबल्या होत्या तसा दिवस कितीदा येतो? आपण सोलर बिलासाठी घेतोय.

गच्ची गळण्याचं म्हणाल, तर आम्ही आधी वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि मग स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं केलं. वाऱ्याचा जोर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतला. मे २०२१ मधलं तौक्ते चक्रीवादळ कुणी विसरलेलं नाही. पॅनल डोक्याच्या वर आहेत, खाली पापड वाळतात आणि कोजागिरीही झाली. सातव्या मजल्यावरचे लोक म्हणतात, उन्हाळ्यात छत कमी तापतं.

पॅनल बनवायला लागलेली वीज आपल्याकडच्या उन्हात एक ते दोन वर्षांत भरून निघते. त्यावर आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

ज्या दोन गोष्टींनी मुंबईत सोलर खरंच बुडू शकतं, त्या मेसेजमध्ये नाहीतच. पहिली सावली. आमच्याकडे पहिला विक्रेता आला मे २०२३ मध्ये. भर दुपारी गच्ची मोजली आणि ३६ पॅनलचा नकाशा दिला, त्यातले आठ पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला. आम्ही सहीच करणार होतो. पण मुंबईत १५ मेच्या सुमारास शून्य सावली दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत कुठल्याच टाकीची सावली दिसत नाही! शाळेत भूगोल शिकवलेल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हे लक्षात आलं. डिसेंबरात आम्ही दोघी खडू घेऊन वर गेलो. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन, प्रत्येक वेळी सावलीच्या कडेने रेघ ओढली. बारालाच टाकीची सावली अकरा फूट पसरली होती, नऊला तर पार कठड्यापर्यंत. ते आठही पॅनल हिवाळाभर अंधारात राहिले असते. आणि पॅनल माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे आठांनी बाकीच्यांनाही खाली ओढलं असतं. दुसऱ्या विक्रेत्याला आम्ही खडूच्या रेघांचे फोटो दिले आणि त्याने नकाशा दक्षिणेकडे सरकवला.

शेजारी बावीस मजली टॉवर यायचा असेल तर त्याची सावली कुठवर येईल, हेही आजच बघावं लागतं.

दुसरी गोष्ट पुनर्विकास. इमारत तीन वर्षांत पाडायची ठरली असेल तर सोलर बसवू नका. पॅनल उतरवून दुसरीकडे नेता येतात, पण स्ट्रक्चर, केबल आणि मजुरी जाते, आणि चार वर्षांची वसुली तीनमध्ये बसत नाही. मेसेज वाचून थबकलेल्या त्या दोन सोसायट्यांपैकी एकीत विकासकाची निविदा आधीच निघाली आहे. त्यांना मी थांबाच म्हटलं. दुसरीची इमारत २०१४ ची, गच्ची मोकळी, टाकी उत्तरेच्या कडेला. त्यांच्या कमिटीला येत्या रविवारी सकाळी नऊला खडू घेऊन वर बोलावलंय.