तळ्याभोवतीच्या फेऱ्यांना ‘सोपं’ म्हणणाऱ्यांसाठी

आठवडाभर रनिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘तळ्याभोवती बारा-चोवीस तास घाण्याच्या बैलासारखं फिरणं म्हणजे अल्ट्रा नव्हे. खरी अल्ट्रा घाटात. इथं चढ नाही, कटऑफ (ठरावीक वेळेत पोचायची अट) नाही, दमलं की खुर्चीत बसा. फेऱ्या तरी कोण मोजतं? आणि मराठवाड्याच्या उन्हात हा वेडेपणाच.’ आमच्या पाझर तलावावर मी बारा तासांच्या दोन रन केल्या आहेत, म्हणून उत्तर देतोय.

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या पुढे गेलं की अल्ट्रा, मग वाट कुठलीही असो. इथं अंतर नाही, वेळ ठरलेली असते. ग्रीक धावपटू यानिस कूरोसने १९९७ साली अ‍ॅडलेडला २४ तासांत ३०३.५०६ किमी कापले, ते मैदानातल्या ट्रॅकवर. तो विक्रम दोन दशकांहून जास्त टिकला. लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिनने २०२२ मध्ये इटलीतल्या व्हेरोनात २४ तासांतच ३१९.६१४ किमी केले, तेही छोट्या फेरीवर. त्याच वर्षी बंगळुरूत २४ तासांच्या आशिया-ओशनिया स्पर्धेत आपल्या पुरुष संघाने सुवर्ण मिळवलं, स्टेडियमच्या ट्रॅकवर गोल धावूनच.

आता खुर्चीचं. घाटात मध्येच सोडायचं म्हटलं तरी खाली उतरावंच लागतं, पायांना दुसरा इलाज नसतो. आमची फेरी १.४ किमीची, म्हणजे दर तेरा मिनिटांनी खुर्ची समोर. संध्याकाळी सहाला सुरुवात झालेली. रात्री तीनच्या सुमाराला बांधावर टिटवी ओरडत होती, अंगठ्याला आलेला फोड फुटून मोजा चिकटला होता. मांडवात वहिनीने धपाट्याचा तुकडा हातावर ठेवला आणि म्हणाली, “भाऊजी, जरा टेका की.” तिच्या त्या मायेनेच पाय जड झाले. बसलो असतो तर उठलो नसतो. धपाटा चावत चालत पुढं निघालो. त्या रात्री ५४ फेऱ्या झाल्या, बसलो दोनदाच, तेही बूट-मोजे बदलायला. कटऑफ नसला की थांबायचं कधी हे दर फेरीला स्वतःच ठरवावं लागतं. घाण्याच्या बैलाला ते विचारत नाहीत.

सपाटी सोपी, हेही अर्धंच खरं. चढ-उतारात स्नायू आळीपाळीने राबतात. इथं तेच पाऊल, तोच स्नायू. एकाच बाजूला वळून गुडघ्यावर ताण येतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. म्हणूनच काही स्पर्धांत ठरावीक तासांनी फेरीची दिशा उलटी करतात. आमच्याकडेही ते व्हायलाच हवं.

उन्हाबद्दल माझं दुमत नाही. मे महिन्यात दुपारी पळूच नये. पण उकाड्यात पळायचंच असेल तर छोटी फेरीच बरी. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं; इथं दर फेरीला मीठ-लिंबाचं पाणी आणि मीठ लावलेला बटाटा मिळतो. कुणाला भोवळ आली तर माणूस पाच मिनिटांत पोचतो.

राहिली मोजणी. बुटाच्या लेसला चिप असते, मॅटवरून गेलं की नोंद होते, शिवाय टेबलावर वहीत खुणा करणारे वेगळे. माझी चुलत बहीण पहिल्यांदा पळाली ती इथंच. लेकरू मांडवात आजीजवळ, दर फेरीला नजरेस पडायचं. डोंगरातल्या रनला तिला घरून कुणी सोडलं नसतं. बांध बहात्तरच्या दुष्काळातला, ह्याच आजीने तेव्हा मातीची टोपली वाहिलेली. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा बहीण सांडव्याजवळ होती. अपुऱ्या फेरीचंही अंतर धरतात, म्हणून तिने नंबराची वाळूची पिशवी पायाशी ठेवली आणि मोजायचं चाक घेऊन पोरगा येईपर्यंत तिथंच उभी राहिली.